कुठल्या गावची?

लग्न होऊन या गावात आले त्याला आता तीस वर्षं होत आली. दोन पिढ्यांना इथल्या शाळेत बाराखडी शिकवली. तरी परवा देवळाच्या कट्ट्यावर बसलेल्या एका म्हातारीनं डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून मला विचारलं, "कुटल्या गावची गं तू?" मी सासऱ्यांचं नाव सांगितलं. "ते कळलं. म्हायेर कुटलं?"

तिला माझं घर हवं नव्हतं, मूळ हवं होतं. बाई सासरी कितीही वर्षं नांदली तरी ती गावची होत नाही. ती अमक्या गावाहून दिलेली असते. मला त्याचं वाईट वाटलं नाही. पण या प्रश्नाशी माझी ओळख जुनी आहे. एका फेब्रुवारीत घरोघर फिरून तो मीच सगळ्या गावाला विचारला होता.

२०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होते. जिल्हा परिषदेच्या मास्तरांना ही ड्यूटी लागतेच. ९ फेब्रुवारी ते २८ फेब्रुवारी, शाळा सुटली की खांद्याला पिशवी, त्यात नकाशा, सूचनांची पुस्तिका आणि ते लांबलचक छापील तक्ते. माझ्या गटात सव्वाशेच्या आसपास घरं होती. कोल्हापूरपासून जेमतेम पंधरा किलोमीटरवरचं, करवीर तालुक्यातलं हे ऊसकरी गाव. तोवर मला वाटायचं, आपलं गाव कसं आहे हे आपल्याला माहीत आहे. कुणीही विचारलं तर एका दमात सांगितलं असतं: मराठ्यांचं गाव, थोडे जैन, थोडे लिंगायत, धनगरांची गल्ली, एक मुल्लाणी, चार सुतार-कुंभारांची घरं, आणि खाली ओढ्याकडं वस्ती. गावातला प्रत्येक माणूस असंच सांगतो. याच क्रमानं सांगतो.

पहिल्याच गल्लीत या यादीला तडा गेला. आमच्या भागात आडनावावरून माणूस ओळखायला जाल तर फसाल. पाटील म्हणावं तर मराठा पाटील आहेत, जैन पाटील आहेत, लिंगायत पाटील आहेत, आणि तिघांची शेतं एकाच पाटाच्या पाण्यावर. चौगुलेही तसेच. जैन म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढं पेढीवरचा व्यापारी येतो. आमच्याकडचा जैन म्हणजे चिखलात पाय रोवून उसाला पाणी पाजणारा शेतकरी. हातकणंगले, शिरोळ भागात तर अशी गावंच्या गावं आहेत. त्यांच्या घरी धर्म विचारला की "जैन, सहा नंबर" असं तेच सांगायचे. तक्त्यात धर्माला आकडे होते. हिंदू १, मुस्लिम २, ख्रिस्ती ३, शीख ४, बौद्ध ५, जैन ६. एका लिंगायत घरात आजोबांनी धर्म "लिंगायत" सांगितला. त्याला आकडा नव्हता. सूचना होती की माणूस सांगेल तेच लिहायचं, वाद घालायचा नाही. मी लिहिलं.

जातीचा रकाना मात्र सगळ्यांसाठी नव्हता. अनुसूचित जाती की जमाती, एवढंच विचारायचं. १९३१ नंतर या देशात सगळ्या जातींची मोजणी होऊन तिचे आकडे लोकांपुढं आलेच नाहीत. त्यामुळं आमच्या गावात मराठे किती, धनगर किती, कुंभार किती, हे नव्वदहून जास्त वर्षं कुणी मोजून सांगितलेलं नाही, आणि तरी प्रत्येक निवडणुकीत पारावरच्या प्रत्येकाला ते तोंडपाठ असतं. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावापुढं एकूण लोकसंख्या, पुरुष, स्त्रिया, सहा वर्षांपर्यंतची मुलं, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर, काम करणारे असे आकडे असतात. गावनिहाय धर्म त्यात नसतो, भाषा नसते. एवढ्या ओळीतून गाव कसं कळणार?

ओढ्याकडच्या वस्तीत गेले त्या संध्याकाळी एका घरापुढं सत्तरीचे एक आजोबा माझी वाटच बघत होते. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी तक्ता उघडला तसं ते म्हणाले, "बाई, पेन्सिल न्हाई न्हवं?" मी पेन दाखवलं. "हां. पेनानंच लिव्हा. धर्म बौद्ध. पाच आकडा. लिव्हून झालं की मला दावा." मी लिहिलं आणि तक्ता त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा चढवला, चौकोनावर बोट ठेवलं, घरातल्या सात माणसांच्या सात ओळी एकेक करून बघितल्या. मगच म्हणाले, "बरोबर हाय. विचारा फुडं."

मी त्यांना विचारलं नाही, पण त्यांनी सांगितलं. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा ते पोरसवदा होते. घरातले देव त्यांच्या वडलांनी पाण्यात सोडले. पुढच्या मोजणीला जो मास्तर आला त्यानं न विचारताच जुनं लिहिलं, आणि वडलांनी त्याला परत बोलावून ते खोडायला लावलं. म्हणून हा पेनाचा आग्रह.

त्या खोडाखोडीचं मोल नंतर आकडे वाचताना मला कळलं. आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात १९५१ ला बौद्धांची संख्या अडीच हजारांच्याही आत होती. १९६१ ला ती २७ लाखांच्या वर गेली. दहा वर्षांत एवढी माणसं कुठून बाहेरून आली नव्हती. होती तिथंच, त्याच घरांत होती. पण ज्यानं बौद्ध लिहिलं तो केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतून गळायचा. ही अडचण दूर व्हायला १९९० साल उजाडावं लागलं. त्यामुळं जुन्या पुस्तिकांत कितीतरी गावांचे अनुसूचित जातींचे आकडे एकदम खाली येतात. आकड्यावर विसंबणाऱ्याला वाटेल, वस्ती उठली की काय. वस्ती उठली नव्हती. माणसं ताठ उभी राहिली होती, आणि रकान्याला ते दिसत नव्हतं.

उठताना मी त्यांच्या नातवाचं वय विचारलं. आजी आतून म्हणाली, "त्यो गावात गेलाय. आत्ता यील."

गावात गेलाय! आम्ही बसलो होतो तिथून ग्रामपंचायत दोनशे पावलांवर. माझ्या नकाशावर ते घर गावातच होतं. त्याच गावाचा क्रमांक, तोच गट. पण पिढ्यान्‌पिढ्या त्या घरांसाठी गाव म्हणजे ओढ्याच्या पलीकडचं. वेस पडली, गावकूस पडलं, आणि शब्द तेवढा उभा राहिला. २०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. ते व्हायलाच हवं होतं, फार आधी व्हायला हवं होतं. आमच्याही वस्तीला पाटी लागली. पण "गावात जाऊन येतो" हे बोलणं कुठल्या शासन निर्णयानं बदलणार? त्यासाठी ओढ्याच्या अलीकडच्यांना काहीतरी करावं लागेल. माझ्यासकट.

लोक म्हणतात, जात विचारली की जात वाढते. येत्या जनगणनेत सगळ्यांची जात नोंदवायची असं केंद्रानं एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं, तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीतही हे वाक्य रोज ऐकते. मला ते पटत नाही, आणि कोल्हापूरच्या माणसाला तरी ते पटू नये. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्या हुकमानंतर कोणकोणत्या नेमणुका झाल्या याचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखानं दर तीन महिन्यांनी पाठवायचा असंही त्यात होतं. मोजल्याशिवाय वाटा देता येत नाही, आणि दिलेला वाटा पोचला की नाही हे पुन्हा मोजल्याशिवाय कळत नाही, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. त्याच सुमाराला, १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले, लोकांच्या नाकांची मापं घेऊन वंश ठरवत होते आणि मराठी मुलखातल्या ब्राह्मण-कुणब्यांना शक-द्रविड अशा एका खणात टाकत होते. दोघेही मोजतच होते. एकाला माणूस खाली-वर लावायचा होता, दुसऱ्याला खालच्याला वर घ्यायचं होतं. माझ्या चौथीच्या वर्गातली पोरं प्रार्थनेला उन्हात ओळीनं उभी राहतात तेव्हा नाकाडोळ्यांवरून कोण कुणाचं हे मला कधी सांगता आलेलं नाही. डब्यावरून येतं. चपातीची घडी, भाकरीची जाडी, आमटीला लावलेली चटणी, आणि कुणाला डबाच नसणं, यावरून येतं.

मुल्लाण्यांचं घर गावात एकच. गावच्या जत्रेला बकरं कापायचा मान त्यांचा, पूर्वी सुगीला त्यांना पेंढ्या मिळत. मोहरमला पंजे बसतात ते त्यांच्या दारात, पण खांद्यावर घेऊन नाचवणारे सगळे गल्लीतले मराठे आणि धनगर. चोंगे सगळ्या गावात वाटले जातात. शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडात तर मशिदींमध्ये गणपती बसतो. २०१८ आणि २०१९ ला मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले तेव्हा तिथं दोन्ही एका छताखाली झाले. हे सांगायला बरं वाटतं. पण आमच्या मुल्लाण्यांच्या घरातल्या धाकट्यानं अलीकडं गाव सोडून शिरोलीच्या एमआयडीसीजवळ खोली घेतली. का, ते त्यानं सांगितलं नाही, आणि विचारायचं धैर्य मला झालेलं नाही.

मला खरी बुचकळ्यात टाकणारी गोष्ट त्या तक्त्यात पुढंच होती. मातृभाषा. एका घरात सासूबाई पुढं बसून भराभरा सांगत होत्या, "समद्यांची मराठीच लिव्हा." सून चुलीपाशी. ती चिकोडीकडची. मी सूचनेप्रमाणं विचारलं, तुमच्या आईनं लहानपणी तुमच्याशी कुठल्या भाषेत बोललं? ती क्षणभर सासूकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "कन्नड." सासू म्हणाली, "आता कुठलं कन्नड? धा वर्सं झाली हिकडं येऊन." मी कन्नड लिहिलं. मग तिचा चार वर्षांचा पोरगा आला, तिच्या पदराला धरून उभा राहिला. नियम तोच: आई लहानपणी ज्या भाषेत बोलते ती. मी विचारायच्या आत पोरानं आईला काहीतरी मागितलं, कन्नडमध्ये. सासूबाईंनी ऐकलं. त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटतं, नातवाला ही भाषा येते हे त्यांना माहीत होतं. ती कागदावर जाईल हे माहीत नव्हतं.

त्यानंतर जन्मठिकाण, आधीचा मुक्काम, इथं येण्याचं कारण. पुरुषांच्या ओळीत: जन्म याच गावी, जन्म याच गावी. बायकांच्या ओळीत: लग्न, लग्न, लग्न. गडहिंग्लज, कागल, पन्हाळा, निपाणी, मिरज, एक जण कोकणातून घाट चढून आलेली. सव्वाशे घरांत क्वचितच कुणी सून या गावात जन्मलेली होती. म्हणजे गावातली मोठी झालेली निम्मी माणसं बाहेरची. गावाच्या भाकरीची चव, लेकरांच्या पहिल्या बोलण्यातले हेल, ओव्या, औषधपाणी, सगळं बाहेरून आलेल्यांनी आणलेलं. आणि आपलं गाव जुनं, मुळचं, एका रक्ताचं म्हणून मिशीला पीळ भरतात ते पुरुष. मीही त्या रात्री घरी येऊन माझी ओळ भरली. जन्मठिकाण दुसरं गाव. कारण: लग्न.

माझं ते दुसरं गाव वळिवड्याच्या शेजारचं. माझी आजी दूध मोजताना मापं घालायची आणि मधेच म्हणायची, "म्लेको." आम्हां पोरांना तो मंत्र वाटायचा. मोठेपणी कळलं की पोलिश भाषेत दुधाला तसं म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. १९४० मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं गाड्यांत घालून सायबेरिया, कझाकस्तानला नेली. १९४१ नंतर त्यांतले सुटलेले इराणमार्गे जगभर पांगले, आणि १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार जण पंचगंगेच्या काठच्या आमच्या मुलखात राहिले. बहुतेक बायका आणि पोरं. लांबच लांब बराकी, त्यांत शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं. माझी आजी परकरी पोर, आईबरोबर दुधाची किटली घेऊन जायची. ती सांगायची, "केस मक्याच्या कणसागत. पर रडायच्या आपल्यागतच. पदर न्हवता, मग बाहीनं डोळं पुसायच्या."

ती माणसं गेली. एक पोलिश मुलगी कोल्हापुरात सून होऊन राहिली, आणि काही जण इथल्या मातीतच राहिले. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत. महावीर उद्यानात आठवणीचा स्तंभ आहे, तिकडं वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथं गेले तेव्हा टीव्हीवर ते बघताना मला आजीची किटली दिसत होती. छावणी रिकामी झाली तिथं फाळणीत घरदार गमावलेले सिंधी आले. त्या बराकींचं गांधीनगर झालं, कापडाची बाजारपेठ झाली. आज करवीर-हातकणंगल्यातलं क्वचितच एखादं लग्न असेल ज्याचा बस्ता गांधीनगरला बांधला नाही. माझाही तिथंच बांधला. तिथल्या दुकानदाराचं मराठी ऐका, "आवो वैनी, कलर जात न्हाई, गॅरंटी," कोल्हापुरी हेल अस्सल. त्याला कुणी कुठल्या गावचा विचारलं तर तो काय सांगत असेल, आणि त्याच्या आजोबांनी काय सांगितलं असतं?

मोजणीचे शेवटचे दोन दिवस मी मळ्यात होते. कारखान्याचा हंगाम चालू होता, ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या होत्या. बीडकडची माणसं. गावातले मला म्हणाले, "बाई, त्यांचं काय मोजतायसा, ती कुठं आपली हाईत?" पण पुस्तिका स्पष्ट होती. मोजणीचा सगळा काळ जो आपल्या घरी नाही, तो असेल तिथं मोजायचा. आणि घर म्हणजे काय हेही त्यात होतं: भिंती नसल्या, छप्परच उतरत जमिनीला टेकलेलं असलं आणि आत जायला वाट असली, तरी ते घरच. जणू कुणी ऊसतोड्यांची झोपडी, त्यांची कोपी, डोळ्यांपुढं ठेवून ते लिहिलं होतं.

पाचटावर बसून मी एका कोपीत तक्ता भरत होते. नवरा-बायको, एक कोयता. बाई अंगानं बारकी, हातभर काचेच्या बांगड्या, बोटांना उसाच्या पानांचे बारीक काप. मांडीवर पोरगी. नाव, नातं, वय. वय अकरा दिवस. धर्म, जात, सगळं झालं. जन्मठिकाण विचारलं तसं ती माझ्याकडं बघतच राहिली.

"हितंच झाली की," ती म्हणाली. "त्या लिंबाखाली. टोळीतल्या म्हातारीनं सोडवलं. दोन मोळ्या बांधल्या आन पोटात कळ आली."

"हितंच म्हणजे याच गावात?"

"आता शिवार कुणाचं ते तुमालाच ठावं, बाई."

शिवार आमचंच होतं. लिंबाच्या पलीकडं हद्दीचा दगड, तो मला तिथून दिसत होता. मी तिच्या ओळीत लिहिलं: जन्म याच गावी. माझ्या ओळीत लिहिता आलं नव्हतं ते. बाहेर तिचा नवरा बैलांपुढं वाढं टाकत होता, आणि आमच्या गावचा एक मुलगा सायकल थांबवून त्याला विचारत होता, "कुठल्या गावचं ओ तुमी?"